रविवारचं भंगार आणि सुलभाताईंची कळशी

जुनी वस्तू विकत घेतली की तिच्याबरोबर एक गोष्ट फुकट येते. वस्तू ठेवायला आमच्या घरात आता जागा नाही. पलंगाखाली बरण्या आहेत, गॅलरीत कुंड्यांच्या मागे कुंड्या आहेत आणि माळ्यावर काय काय आहे हे मीसुद्धा विसरले आहे. गोष्टींचं तसं नसतं. त्यांना जागा लागत नाही, त्यामुळे नवरा कुरकुर करत नाही. म्हणून त्या साठत गेल्या. आता इतक्या झाल्यात की कुणी ऐकून घेतल्या तर मला जरा मोकळं वाटेल.

आमचं चौघांचं मंडळ आहे. मोबाइलवर ग्रुपचं नाव 'रविवार भंगार'. चौघांत एक मी, शहापूरच्या एका शाळेत प्रयोगशाळेच्या बाटल्या धुणारी आणि त्यांच्यावर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवणारी बाई. दुसरे बाळादादा, आटगावचे. भातशेती आणि सात सीटची गाडी, दोन्ही स्वतः चालवतात. आमची स्वारी त्यांच्याच गाडीतून निघते. तिसरी रश्मी, वाशिंदच्या एका कंपनीत ऑफिसात काम करते, वय सव्वीस, मंडळात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत हात सैल. आणि चौथ्या सुलभाताई. मूळच्या खर्डीकडच्या, साठी उलटलेल्या, आता मुलाबरोबर वाशिंदला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात.

हायवेवरची भंगाराची दुकानं, मुरबाडचा बाजार, मधल्या रस्त्यावरच्या नर्सऱ्या आणि मुंबईकरांनी विकायला काढलेलं फार्महाऊसचं सामान, हा आमचा इलाखा. आम्ही तिघं मिळेल ते बघतो. सुलभाताई मात्र एकच वस्तू शोधतात.

त्यांचं माहेरचं नाव द्वारका. लग्न ठरलं तेव्हा त्यांच्या आईनं एक पितळी कळशी घेतली आणि भांडीवाल्याकडून तिच्यावर नाव घालून घेतलं, 'कु. द्वारका गोविंद'. आईला वाचता येत नव्हतं. तिनं त्या भांडीवाल्याला ते तीन वेळा मोठ्यानं वाचायला लावलं. त्या गडबडीत त्याचा जागेचा अंदाज चुकला आणि शेवटचा 'द' खालच्या ओळीत गेला. पुढं लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं, सुलभा, आणि द्वारका संपली. आई होती तोवर ती हाक मारायची. आई गेल्यावर ते नाव फक्त कळशीवर उरलं.

आणि ती कळशी गेली ती ताईंच्याच हातून. सहा-सात वर्षांपूर्वी त्या गावचं घर आवरून वाशिंदला आल्या, तेव्हा बिल्डिंगखाली मोडवाल्याचा टेम्पो आला होता. जुनं तांबं-पितळ वजनावर घ्यायचं आणि बदल्यात नवी भांडी द्यायची, हा त्याचा धंदा. ताईंनी चुलीवर काळी पडलेली सगळी भांडी गोणीत भरून दिली आणि नॉनस्टिकचा सेट घेतला. दुसऱ्या दिवशी सामान लावताना कळशी दिसेना. पाणी तापवून तापवून तिच्यावर इतकी काजळी बसली होती की हंड्या-तपेल्यांबरोबर तीही त्यांनी गोणीत घातली होती. नॉनस्टिकचं काळं दोन महिन्यांत निघालं. मनातली हळहळ काही निघाली नाही.

मोड गेली की भट्टीत जाते, हे आम्हाला माहीत आहे. ताईंनाही माहीत आहे. तरी दर रविवारी रुमालाच्या गाठीत पैसे बांधून त्या सगळ्यांच्या आधी गेटपाशी उभ्या असतात. "मिळाली तं किती बी मागूदे, देऊन टाकीन," असं त्यांचं म्हणणं.

* * *

बाळादादांचा एक नियम आहे. आवडलेल्या वस्तूकडे बघायचं नाही, आणि बघावंच लागलं तर तिला नावं ठेवायची. आवडलं असं तोंडावर दिसलं की भाव चढलाच म्हणून समजा.

हायवेवरच्या एका दुकानात रश्मीला चिनी मातीची बरणी दिसली. पिवळी-पांढरी, पोटाशी गोल, झाकणसुद्धा साबूत. तिचा जीव त्या बरणीत अडकलेला आम्हाला लांबूनच कळला, म्हणून आम्ही कामाला लागलो. मी म्हटलं, कडेला तडा दिसतोय. बाळादादा म्हणाले, आंबूस वास येतोय, यात कुणीतरी लोणचं नासवलेलं दिसतंय. रश्मी तर आमच्यापेक्षा वरचढ निघाली. म्हणाली, माझ्या आईकडे अशा चार होत्या, आम्ही फेकून दिल्या.

दुकानाचे मालक म्हातारे गृहस्थ होते. ते सगळं शांतपणे ऐकत होते. आमचं संपल्यावर त्यांनी उठून बरणी उचलली, खांद्यावरच्या टॉवेलानं पुसली आणि स्वतःच्या खुर्चीमागं ठेवली. बाळादादांनी भाव विचारला, तर म्हणाले विकायची नाही.

"तुमाला आवडलीच नाय, तर नेऊन काय करनार? दोन वर्षं हाय ती माझ्याकडं. तिला कोनी एवढं बोललं नवतं."

मग पुढची दहा मिनिटं आम्ही चौघं उभं राहून त्या बरणीचं कौतुक करत होतो. रंग कसा, घाट कसा, हल्ली असं मिळतं कुठं. त्यांचं समाधान झालं तेव्हा त्यांनी बरणी दिली, आणि भाव एक रुपयाही कमी केला नाही. बाळादादा वाशिंद येईपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

* * *

मला एक खोड आहे. भांड्यावर नाव दिसलं की ते वाचल्याशिवाय मी पुढं सरकत नाही. आणि वाचलं की ही बाई कोण, तिचं भांडं इथं कसं आलं, हा किडा डोक्यात वळवळायला लागतो. प्रयोगशाळेतल्या नोकरीचा हा परिणाम असावा. चिठ्ठी आहे आणि बाटलीचा मालक सापडत नाही, हे मला सहनच होत नाही.

शहापूरला एका दुकानात मला स्टीलची सहा ताटं मिळाली. प्रत्येकावर कोरलेलं, 'सौ. मीनाक्षी यांस नणंदेकडून सप्रेम भेट'. खाली वाशिंदच्या एका आळीचं नाव. मला वाटलं, बिचारीची ताटं चोरीला गेली असणार. घरी नेऊन राखेनं लख्ख घासली, शाळेतल्या शिपायाकडून पत्ता काढला आणि पिशवीत घालून गेले. मनात होतं, बाई हरखून जाईल, चहा करील, डोळ्यांत पाणी आणील.

दार मीनाक्षीबाईंनीच उघडलं. पिशवीतलं ताट दिसल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला. मी आत डोकावले. सोफ्यावर एक बाई पाय वर घेऊन बसल्या होत्या. नणंद! चार दिवस राहायला आली होती.

मीनाक्षीबाईंची मात्र कमाल. एका क्षणात हसून वळल्या आणि म्हणाल्या, बघा ताई, तुमची ताटं आली, यांच्याकडं पूजेला दिली होती. मग नणंदबाईंनी माझी चांगली खरडपट्टी काढली. दुसऱ्याची वस्तू नेली तर वेळेत परत करावी, आणि एवढी घासून ओरखडे कशाला पाडलेत, हे काय तारेच्या घासणीनं घासायचं भांडं आहे का? मी खाली मान घालून सॉरी म्हटलं. पदरच्या पैशानं घेतलेली सहा ताटं त्या घरात ठेवून, चहा न पिता मी घरी आले.

पुढच्या रविवारी तीच ताटं त्याच दुकानात, त्याच फळीवर होती. लख्ख घासलेली असल्यामुळे दुकानदारानं भाव वाढवला होता.

* * *

आता माझ्या कुकरचं सांगून टाकते, म्हणजे नवऱ्याला ते सांगायची संधी मिळायला नको.

मला पाच लिटरचा चांगला जाड कुकर अगदी स्वस्तात मिळाला, कारण त्याला शिट्टी नव्हती. शिट्टी काय, कुठंही मिळेल, असं मी म्हटलं. ती कुठंही मिळाली नाही. तीन रविवार हिंडल्यावर मुरबाडला एका भंगारात तशीच शिट्टी दिसली, पण ती दुसऱ्या कुकरला लावलेली होती आणि दुकानदार सुटी द्यायला तयार नव्हता. मग तोही कुकर घेतला. घरी आल्यावर कळलं की शिट्टी बसते, पण पहिल्या कुकरचं झाकण मुळात त्याचं नाहीच, ते तिसऱ्याच कुकरचं आहे.

तो तिसरा कुकर मी अजून शोधते आहे. नवरा रोज जेवताना विचारतो, "डाळ कुठल्या कुकरच्या कुठल्या भागात शिजली?"

* * *

एका फार्महाऊसचं सामान विकायचं होतं म्हणून आम्ही गेलो. मालकीण मॅडम मुंबईच्या, बोलायला गोड. त्यांनी मुरबाडकडं यापेक्षा मोठं घर बांधलं होतं, म्हणून इथलं पंखे-कपाटं-काचेची भांडी असं सगळं काढून टाकायचं चाललं होतं. हिरवळीच्या मधोमध एक दगडी डोणी होती, तिच्यात पाणी आणि दोन कमळं. बाळादादा तिच्याकडं बघत उभेच राहिले.

मॅडम लगबगीनं आल्या आणि म्हणाल्या की ती विकायची नाही, ती त्या बरोबर नेणार आहेत. खूप जुनी आहे, डीलरकडून आणली. किंमत सांगितली तेव्हा रश्मीनं माझा दंड धरला.

बाळादादांनी डोकं खाजवलं. "मॅडम, यात आमच्याकडं म्हशी पानी पितात."

मॅडमना ते अपमानाचं वाटलं नाही. उलट त्यांचे डोळे चमकले. तुमच्याकडं अशी आहे का, असं त्यांनी विचारलं. दादा म्हणाले, दोन आहेत, गोठ्यामागं पडल्यात, म्हशी विकल्यापासून आम्ही शेतातून आलो की त्यात पाय धुतो. मग मॅडमनी सौदा सुरू केला, आणि आम्हाला कळलं की बाळादादांचा नियम त्यांनाही पाठ आहे. शेवाळ धरलं असेल, कडा फुटल्या असतील, आणायला क्रेन लागेल, उगाच कटकट.

दादांनी शांतपणे गाडीची किल्ली खिशातून काढली. "तुमाला आवडल्या नसतील तर ऱ्हाऊ द्या मॅडम. आमच्या बापाच्या हातच्या हायत, त्यांना कोनी बोललेलं नाय चालत."

ही युक्ती ते कुठं शिकले हे आम्हा तिघींना माहीत होतं. मॅडमनी दोन्ही डोण्या घेतल्या, न बघता. खरेदीला गेलेला माणूस विक्री करून घरी आला. त्यांच्या बायकोनं दारातच विचारलं, "तुमी आनायला गेलतां का द्यायला?"

* * *

झाडांच्या बाबतीत बाळादादांचा हात देवाचा आहे.

मुरबाडच्या वाटेवर एक नर्सरी आहे. तिच्या हिरव्या जाळीमागं एका कोपऱ्यात मरायला टेकलेली झाडं टाकलेली असतात. कीड लागलेली जास्वंद, वाळलेला मोगरा, पानं गळालेला अनंत. पाच रुपयाला एक. येणारं गिऱ्हाईक तिकडं फिरकत नाही. आमचे दादा सरळ तिकडंच जातात. घरी नेऊन छाटतात, कुजलेली मुळं काढतात, भाताच्या तुसाची राख आणि शेणखत घालतात आणि आंब्याखाली सावलीत ओळीनं मांडून ठेवतात. तिथं एकही झाड मेलेलं मी पाहिलं नाही. वहिनी म्हणतात, मी तापानं फणफणले तर म्हणाले गोळी घे, आणि मोगऱ्याला बघायला मात्र चार वेळा उठतात.

वर्षभरानं नर्सरीवाले कलमांच्या कामाला आटगावात आले होते. दादांच्या अंगणात कळ्यांनी लगडलेला मोगरा बघून त्यांनी भाव विचारला. दादा म्हणाले, तुमच्याकडंच पाच रुपयाला घेतलाय. ते म्हणाले, अहो, मेलेला पाच रुपयाला, जिवंत दीडशेला.

दादा म्हणाले, "मंग मला कशाला इचारता? भाव तुमालाच ठाव हाय."

दीडशे मोजून नर्सरीवाले स्वतःचा मोगरा परत घेऊन गेले. आता त्या कोपऱ्यातली झाडं त्यांनी दहा रुपयाला केली आहेत.

* * *

एकदा मुरबाडच्या बाजारात ताटवाट्यांच्या ढिगाखाली एक काळीठिक्कर कळशी निघाली. सुलभाताईंनी ती दोन्ही हातांनी बाहेर ओढली. उंची तीच, गळा तोच. आम्ही शेजारच्या बाईकडून चिमूटभर चिंच मागून आणली, ताई तिथंच उकिडव्या बसून घासायला लागल्या. काळ्यातून हळूहळू पिवळं दिसायला लागलं. मग ठिपक्या-ठिपक्यांचा 'कु.' उमटला. दुकानदारसुद्धा गिऱ्हाईक सोडून वाकून बघायला लागला.

'कु. हिरा' निघालं.

ताई मात्र थांबल्या नाहीत. सगळी कळशी त्यांनी चिंचेनं घासली, बाटलीतल्या पाण्यानं धुतली, पदरानं पुसली आणि ढिगात परत न टाकता दुकानाच्या पुढच्या बाजूला, रस्त्यावरून दिसेल अशी मांडून ठेवली.

"हिरा शोधत आली तं दिसंल तिला," एवढंच म्हणाल्या.

हे रश्मीच्या फार मनाला लागलं. त्या महिन्याच्या पगारात तिनं शहापूरहून एक नवी कोरी पितळी कळशी घेतली, तिच्यावर 'कु. द्वारका गोविंद' असं कोरून घेतलं आणि ताईंच्या वाढदिवसाला दिली. खरं सांगायचं तर कल्पना मलाही आवडली होती. मला वाटलं, सुटला प्रश्न, आता रविवारी ताई निवांत कुंड्या बघतील. ताईंनी रश्मीच्या गालावरून हात फिरवला, कळशी मांडीवर घेतली आणि नावावरून बोट फिरवत शेवटपर्यंत आल्या.

"द सरळ आलाय," त्या म्हणाल्या.

त्या कळशीतून त्या रोज तुळशीला पाणी घालतात, अगदी प्रेमानं. आणि पुढच्या रविवारी सकाळी रुमालाला गाठ मारून गेटपाशी उभ्याच होत्या. त्या दिवशी मला त्यांचा थोडा रागही आला. माणसानं किती दिवस एका भांड्याच्या मागं लागावं? पण माझ्या सासरी-माहेरी दोन्हीकडं मला एकाच नावानं हाक मारतात. मी काय बोलणार?

* * *

गेल्या थंडीत आम्ही शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला निघालो होतो. किन्हवली मागं टाकल्यावर रस्त्याला लागून एक घर आहे, त्याच्या अंगणात तेलाच्या डब्यांतून, फुटक्या बादल्यांतून रोपं लावलेली दिसली. अबोली, कोरांटी, मिरच्या, गवती चहा. रश्मीला अबोली हवी होती, म्हणून दादांनी गाडी थांबवली.

घरातून पन्नाशी-पंचावन्नच्या एक बाई आल्या. रोप दहा रुपयाला. आमचं निवडणं चाललं होतं तोवर त्या ओट्यावरची कळशी कमरेवर घेऊन रोपांना पाणी घालायला लागल्या. कळशी सोन्यासारखी घासलेली होती. अबोलीवर त्यांनी ती वाकडी केली आणि तिच्या पोटावरचं नाव माझ्यासमोर आलं. सवयीनं मी वाचलं. 'कु. द्वारका गोविं'. आणि खालच्या ओळीत एकटा 'द'.

मी ताईंकडं वळले, तर त्या माझ्याआधीच बघत होत्या. हळूच मागं सरकून त्या अंगणातल्या दगडावर बसल्या. हातातला रुमाल मुठीत घट्ट धरलेला होता.

बाळादादांच्या लक्षात आलं. त्यांनी घसा खाकरला आणि आपल्या नियमाप्रमाणं सुरुवात केली. कळशी जुनी झालेली दिसते, तळाला पोचा आहे, टाकून द्यायचीच असेल तर आम्ही नेतो. बाई म्हणाल्या, नाही विकायची. दादांनी नव्या कळशीची किंमत देऊ केली. मग दोन नव्यांची. बाळादादा स्वतःच्या तोंडानं भाव वाढवताना मी पहिल्यांदा बघत होते.

"सोन्याची दिलीत तरी नाय," बाई म्हणाल्या. "तिच्यावर आमच्या पोरीचं नाव हाय."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. काही वर्षांमागं मोडीचा एक टेम्पो त्यांच्या दारात पंक्चर होऊन थांबला होता. टायर बदलेपर्यंत त्यांनी माणसांना भाकरी-कालवण खाऊ घातलं. गोणीतून डोकावणारी ही कळशी त्यांना आवडली, तर टेम्पोवाल्यानं ती मोडीच्याच भावात दिली. त्याच वर्षी मुलाला मुलगी झाली. बारशाला नावावरून जुंपली. आईकडच्यांना एक नाव हवं, बापाकडच्यांना दुसरं, माणसं पाटावरून उठून जायला निघाली. बाळाची आत्या नववीपर्यंत शिकलेली. ती पाण्यानं भरलेली ही कळशी पुढ्यात घेऊन बसली होती. तिनं कळशीवरचं वाचलं आणि सगळ्यांना गप्प केलं. म्हणाली, नाव लिहून घरात आलंय, आता भांडता कशाला?

"आमाला वाचाय येत नाय," बाई म्हणाल्या, "पन रोज घासताना हात फिरवते मी त्याच्यावर. कोनाचं तरी असंल ते. ती जिती असंल का नाय, देव जाने. आमच्या पोरीला लाभलं."

बाळादादांनी तोंड उघडलं. आता ते सांगणार, हे मला दिसत होतं, आणि सांगायलाच हवं असं मलाही वाटत होतं. त्या बाईंनी ऐकलं असतं तर कळशी आपण होऊन दिली असती, इतक्या त्या चांगल्या होत्या. पण सुलभाताई दगडावरूनच पुढं वाकल्या आणि त्यांनी दादांच्या मनगटावर हात ठेवला. दादा खाली वाकून मिरचीची रोपं बघायला लागले. रश्मीनं तोंड फिरवलं, तिला रडू आवरत नव्हतं.

कळशीतलं पाणी अबोलीच्या डब्यातून बाहेर आलं आणि अंगणात पसरलं.

"पोरगी कुटं हाय?" ताईंनी विचारलं.

बाईंनी कळशी ओट्यावर ठेवली, परसाकडं तोंड केलं आणि खणखणीत हाक मारली.

"द्वारके! गो द्वारके!"

घरामागून एक बारीक 'ओ' आली. पण त्याआधी, अंगणातल्या दगडावरून, सुलभाताईंनी ओ दिली होती.